वाहणे, माळणे, शिंपडणे : मराठी प्रतीकव्यवस्थेतील गुलाब

१

गुलाब हे प्रेमाचे प्रतीक आहे आणि कमळ हे पावित्र्याचे प्रतीक आहे, अशी विधाने मराठीच्या पदव्युत्तर उत्तरपत्रिकांत जितक्या सहजपणे आढळतात तितक्याच सहजपणे ती समीक्षालेखांतही आढळतात. या विधानांमागे एक गृहीतक असते. प्रत्येक फुलाच्या ठिकाणी काही अर्थ आधीच साठवलेला असतो, कवी तो वापरतो आणि समीक्षक तो ओळखतो, असे ते गृहीतक आहे. आदिबंधात्मक समीक्षेने या गृहीतकाला सैद्धान्तिक प्रतिष्ठा दिली. नॉर्थ्रप फ्राय यांचा ‘अ‍ॅनाटमी ऑफ क्रिटिसिझम’ हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर वाङ्मयीन प्रतिमांना सार्वत्रिक आकृतिबंधांत बसवण्याची पद्धत जगभर रूढ झाली आणि मराठीतही ती आली. या पद्धतीच्या सुलभीकृत रूपात पश्चिमेचा गुलाब आणि पूर्वेचे कमळ ही एकाच आदिबंधाची दोन रूपे ठरतात. दोन्ही पूर्णत्वाची चिन्हे मानली जातात, दोन्ही केंद्राभोवती उलगडतात आणि म्हणून ती परस्परांच्या जागी ठेवता येतात.

हे समीकरण आकर्षक आहे, परंतु ते मराठी साहित्याला लागू पडते का, हा प्रश्न फारसा कोणी विचारलेला नाही. उंबेर्तो एको यांनी आपल्या १९८० च्या ‘द नेम ऑफ द रोझ’ या कादंबरीच्या शीर्षकाविषयी नंतर लिहिताना म्हटले होते की, गुलाबावर इतके अर्थ लादले गेले आहेत की आता त्याच्यापाशी अर्थच उरलेला नाही. ही अर्थबहुलतेची थकावट युरोपीय वाङ्मयाची आहे. मराठीत गुलाबाची अडचण नेमकी उलट आहे. येथे तो शतकानुशतके घरात, दरबारात आणि बाजारात वावरला, तरी मराठी कवितेच्या आणि भक्तीच्या मध्यभागी त्याला स्थान मिळाले नाही. असे का झाले असावे, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा शोध एका मर्यादित भूप्रदेशाच्या आधारे घेतला आहे. पुणे–नाशिक रस्त्यावरील, मीना नदीकाठचे नारायणगाव आणि त्याच्या आसपासचा जुन्नर तालुका हा तो प्रदेश होय. सातवाहनकालीन लेणी, बहमनी व निजामशाही सत्तेचे ठाणे, वारकरी परंपरेची स्थळे, सत्यशोधक चळवळीचे एक केंद्र आणि तमाशाची पंढरी हे सर्व येथे एकमेकांपासून काही कोसांवर आहे. फुलाचा अर्थ कसा घडतो हे पाहायला इतका सोयीचा प्रदेश क्वचित सापडेल.

२

प्रथम पश्चिमेचा आणि इराणचा गुलाब पाहू. कारण तेथेही त्याचा अर्थ निसर्गदत्त नव्हता, तो वादातून घडला. ग्रीक-रोमन जगात गुलाब अ‍ॅफ्रोडायटीचा, म्हणजे कामदेवतेचा होता, आणि मेजवानीतील पुष्पमुकुटाचा होता. याच कारणासाठी आरंभीच्या ख्रिस्ती विचारवंतांना तो संशयास्पद वाटला. तिसऱ्या शतकाच्या आरंभी टर्टुलियन याने पुष्पमुकुट धारण करण्याविरुद्ध स्वतंत्र प्रबंध लिहिला. पुढे हाच गुलाब मरियामातेचे फूल झाला. तिच्या स्तुतिमालिकेत तिला गूढ गुलाब म्हणून संबोधले जाऊ लागले आणि दान्तेच्या ‘पारादीसो’च्या अखेरच्या सर्गांत सर्व मुक्तात्मे एका शुभ्र स्वर्गीय गुलाबाच्या पाकळ्यांवर विराजमान झाले. त्याआधी तेराव्या शतकात फ्रेंच भाषेतील ‘रोमां द ला रोझ’ या रूपककाव्यात मात्र गुलाब म्हणजे बागेच्या भिंतीआड राखलेली, हस्तगत करावयाची प्रेयसी होती. देवाची आई आणि प्रियकराचे भक्ष्य हे दोन्ही अर्थ जवळजवळ एकाच काळात एकाच फुलावर नांदत होते.

इराणी परंपरेत गुल आणि बुलबुल यांची जोडी आहे. गुल म्हणजे आपल्या सौंदर्यात मग्न असलेला प्रियतम आणि बुलबुल म्हणजे काट्याने विद्ध होऊनही गात राहणारा प्रेमिक. शिराझचे सूफी रुझबिहान बकली यांना ईश्वरी तेजाचे दर्शन लाल गुलाबांच्या रूपात होत असे. सूफी काव्यात गुलाब लौकिक व अलौकिक प्रेमाच्या सीमेवर उभा असतो आणि तो कोणत्या बाजूचा आहे हे ठरवू न देणे हेच त्याचे कार्य असते.

या दोन परंपरांत साम्य आहे ते असे: दोन्हीकडे गुलाब हा पाहण्याचा विषय आहे. तो एकटा आहे, भिंतीआडच्या बागेत आहे, देठावर आणि काट्यांत आहे. पाहणारा आणि पाहिले जाणारे फूल यांतील अंतर हाच त्याच्या अर्थाचा गाभा आहे. हे अंतर मिटले, फूल खुडले गेले, की प्रतीकाचे कार्य संपते. हे लक्षात ठेवून आपण जुन्नरकडे वळू.

३

जुन्नरच्या दक्षिणेस मानमोडीच्या डोंगरात भूतलिंग या नावाने ओळखले जाणारे एक अपूर्ण चैत्यगृह आहे. त्याच्या प्रवेशद्वारावरील अर्धवर्तुळाकार भाग कमळाच्या पाकळ्यांप्रमाणे विभागलेला आहे. मध्यभागी लक्ष्मी, तिच्या दोन्ही बाजूंच्या पाकळ्यांत कमळांवर उभे असलेले हत्ती आणि त्यांच्यापलीकडे हात जोडलेले उपासक असे ते शिल्प आहे. बौद्ध चैत्याच्या दारावर गजलक्ष्मी असणे ही त्या काळी विसंगती मानली जात नव्हती. येथील ब्राह्मी लेखानुसार या दर्शनी भागाचे दान चंद नावाच्या एका यवनाने केले. जुन्नरच्या लेण्यांत यवनांच्या दानांचे आणखीही लेख आहेत. यवन म्हणजे ग्रीकच की पश्चिमेकडून आलेला कोणीही, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु तो बाहेरून आलेल्या समाजाचा होता, हे त्याने स्वतःच कोरवून ठेवले आहे.

आदिबंधवादी समीक्षक येथे म्हणेल की, गुलाबाच्या देशातला माणूस कमळाच्या देशात आला आणि त्याने आपल्या फुलाऐवजी येथले समतुल्य फूल निवडले. पण लेखाकडे बारकाईने पाहिले तर वेगळेच दिसते. दानाच्या वस्तूला तेथे ‘गभदार’ असे म्हटले आहे. चैत्याच्या आतील दालनाला गर्भ कल्पून त्याच्या मुखभागाला दिलेले ते नाव आहे. कमळ येथे दारावर आहे आणि दाराला गर्भाचे दार म्हटले आहे. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथात मस्तकाच्या जागी कमळ असलेल्या देवीचा माग काढताना दख्खनमधील कमळ आणि सर्जनशील योनी यांचे नाते साधार मांडले आहे. त्या प्रकाशात मानमोडीचे कमळ वाचले तर ते ‘पावित्र्याचे प्रतीक’ राहत नाही. ते ओलांडावयाचे दार ठरते. स्वर्गीय गुलाबासमोर दान्ते थक्क होऊन उभा राहतो. मानमोडीच्या कमळाखालून उपासक वाकून आत जातो. एकाचा अर्थ दर्शनात आहे, दुसऱ्याचा प्रवेशात आहे. समतुल्यता आकारापुरतीच उरते.

यातून आपल्याला एक साधन मिळते. फुलाचा अर्थ काय, असे विचारण्याऐवजी त्या फुलाचे काय केले जाते, असे विचारावे.

४

मराठी भाषा या प्रश्नाला विलक्षण नेमके उत्तर देते. मराठीत देवाला फूल ‘वाहतात’, केसांत फूल ‘माळतात’, हार ‘ओवतात’ किंवा ‘गुंफतात’, पिराला फुलांची चादर ‘चढवतात’, मिरवणुकीत फुले ‘उधळतात’. ही क्रियापदे परस्परांच्या जागी येत नाहीत. देवाला फूल माळत नाहीत आणि वेणीत फूल वाहत नाहीत. प्रत्येक क्रियापदात करणारा, स्वीकारणारा आणि त्यांच्यातील नाते आधीच ठरलेले असते. मराठीतील पुष्पप्रतीक हे प्रथमतः क्रियाप्रतीक आहे. फुलाची जात दुय्यम आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

आता ‘गुलाब’ हा शब्द पाहू. फारसीत फुलाला ‘गुल’ म्हणतात. ‘गुल’ आणि ‘आब’ मिळून ‘गुलाब’ म्हणजे गुलाबाचे पाणी. मराठीने आणि इतर भारतीय भाषांनी पाण्याचे नाव फुलाला दिले. जुना अर्थ मात्र समासांत टिकून राहिला. गुलाबदाणी म्हणजे फुले ठेवण्याचे भांडे नव्हे, तर पाणी शिंपडण्याचे. ‘अत्तरगुलाब’ म्हणजे अत्तर लावणे आणि गुलाबपाणी शिंपडणे. गुलाबजाम हे नावही त्या सुवासिक पाकाची आठवण देते. इतकेच नव्हे, तर हाच ‘गुलाब’ अरबीत ‘जुलाब’ झाला, त्याचा अर्थ औषधी पाक असा झाला आणि मराठीत तो रेचक म्हणून स्थिरावला. ज्या शब्दाने इराणात ईश्वरी सौंदर्य सुचवले, त्याचेच दुसरे रूप आपल्याकडे पोट साफ करण्याच्या कामी आले! प्रतीककोशाच्या कर्त्याने यावर थोडे थांबून विचार करावयास हरकत नाही.

याचा अर्थ गुलाब मराठीत प्रथम पाणी म्हणून आला. त्याला मिळालेले क्रियापद ‘शिंपडणे’ हे होते. हे क्रियापद सत्कारविधीतले आहे. यजमान दारी उभा राहून पाहुण्यावर गुलाब शिंपडतो. पाहुण्याचा दर्जा त्यातून मान्य होतो. जुन्नर हे बहमनी काळापासून मोठे ठाणे होते. १४७० च्या सुमारास रशियन प्रवासी अफानासी निकितिन पावसाळ्यात येथे राहिला होता. निजामशाहीचा संस्थापक अहमद निजामशहा याच्या सत्तेची सुरुवात येथूनच झाली. फारसी शिष्टाचार येथून मराठी सरदार घराण्यांत आणि पुढे पेशवाईत गेला. अत्तरगुलाब आणि पानसुपारी यांशिवाय दरबार पुरा होत नसे. मुघल आणि दख्खनी चित्रांत राजपुरुष हाती फूल धरून उभा असतो. हा संकेतही दर्जाचाच आहे.

संस्कृत परंपरेकडे पाहिले तरी हेच दिसते. कालिदासाच्या ऋतुवर्णनात कमळ, कुंद, कुरबक, शिरीष, कदंब आहेत; गुलाब नाही. पुढे वैद्यकीय निघंटूंनी त्याला स्थान दिले तेव्हा ‘शतपत्री’ असे नाव वापरले. ‘शतपत्र’ हे काव्यात कमळाचे नाव होते. म्हणजे संस्कृतात गुलाबाने कमळाचे नाव उसने घेतले आणि औषध म्हणून प्रवेश केला. मराठीत पाण्याचे नाव घेऊन शिष्टाचार म्हणून प्रवेश केला. दोन्हीकडे काव्याचे दार त्याला उघडलेले नव्हते.

५

ते दार का उघडले नाही, याचे उत्तर तेराव्या शतकातच मिळते. कारण तेव्हाच मराठी कवितेने आपली पुष्पव्यवस्था निश्चित केली. ‘ज्ञानेश्वरी’च्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला स्वजनांच्या स्नेहाने घेरले असता ज्ञानदेव भ्रमराचा दृष्टान्त देतात. वाळलेले लाकूड सहज पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकून पडतो. प्राण गेला तरी तिला चिरून बाहेर येणे त्याला जमत नाही. गुल-बुलबुलाच्या संकेताशी याची तुलना केली तर भेद स्पष्ट होतो. दोन्हीकडे प्रेमिक संकटात आहे. बुलबुलाचे संकट काटा आहे, म्हणजे प्रियतमाचा कठोरपणा. भुंग्याचे संकट कोवळेपणा आहे. बुलबुल बाहेर राहून गातो. भुंगा आत राहून गप्प होतो. विरहाची कविता पहिल्यातून निर्माण होते, मोहाची चिकित्सा दुसऱ्यातून. ‘ज्ञानेश्वरी’ला दुसरीची गरज होती. काटा नसलेले फूल तिने निवडले, कारण तिला शत्रू बाहेर दाखवावयाचा नव्हता.

ज्ञानदेवांच्या नावावरील मोगऱ्याच्या प्रसिद्ध अभंगातही हेच दिसते. दारी लावलेले रोप वाढत गगनापर्यंत जाते, फुले वेचली तरी बहर ओसरत नाही, आणि अखेरीस गुंफणे व विठ्ठलाला अर्पण करणे येते. एकटे फूल येथे नाहीच. लावणे, वेचणे, गुंफणे, अर्पण करणे ही क्रियांची साखळीच त्या अभंगाचा अर्थ आहे. नारायणगावाजवळच्या आळे येथे ज्ञानदेवांनी वेद बोलवलेल्या रेड्याची समाधी दाखवली जाते. जनावराच्या मुखी वेद आणि दारच्या वेलीतून गगन या दोन्ही कल्पनांत दूरचे जवळ आणण्याची एकच वृत्ती आहे. गुलाबाच्या प्रतीकाला आवश्यक असलेले अंतर या वृत्तीला परके आहे.

या व्यवस्थेचे बळ एका परकीयाने सिद्ध केले. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. तो ट्यूडर राजघराण्याच्या गुलाबचिन्हाच्या देशातून आणि मरियामातेच्या गूढ गुलाबाच्या पंथातून आला होता. तरी मराठी भाषेचा गौरव करताना फुलांत श्रेष्ठ फूल कोणते हे सांगण्याची वेळ आली तेव्हा त्याने मोगरी निवडली. याला केवळ स्थानिक रंग म्हणता येणार नाही. श्रोत्याच्या भाषेत ‘श्रेष्ठ’ या शब्दाला जो परिमळ हवा, तो गुलाबापाशी नव्हता, हे त्याच्या कानाने ओळखले. लॅटिनमध्ये ‘रोझारियम’ म्हणजे गुलाबवाटिका; तीवरून नाव पडलेली प्रार्थना मराठी कॅथलिकांत ‘जपमाळ’ झाली. गुलाब गळाला, माळ राहिली. भाषांतरात फूल हरवते आणि क्रिया टिकते, याचे याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण.

६

येथवर फूल अर्पण करणाऱ्याचा आणि स्वीकारणाऱ्याचा विचार झाला. पण फूल पिकवणारा आणि त्याला हात लावण्याची ज्याला मुभा नाही असा माणूस यांचे काय? मराठी समीक्षेने पुष्पप्रतीकांचा विचार करताना हा प्रश्न जवळजवळ टाळला आहे आणि येथेच प्रतीककोशाची पद्धत सर्वाधिक अपुरी पडते.

माळी हे जातिनामच माळेशी जोडलेले. परंतु अरणचे संत सावता माळी यांनी विठ्ठल पाहिला तो आपल्या मळ्यातल्या भाजीपाल्यात. फूल वाहणारा पुजारी फुलात देव पाहतो. पिकवणाऱ्याला कांद्यामुळ्यात तो दिसतो. ही निव्वळ भोळी भक्ती नव्हे, तर मंदिरात वाहिल्या जाणाऱ्या वस्तूपासून रोज कष्टाने वाढवाव्या लागणाऱ्या वस्तूकडे प्रतीकाचे केलेले स्थलांतर आहे.

या स्थलांतराचे तर्कशुद्ध टोक जोतीराव फुले यांच्याकडे सापडते. त्यांच्या घराण्याला हे आडनाव पडले ते पेशव्यांना फुले पुरवण्याच्या व्यवसायामुळे. म्हणजे पेशवाईतील ज्या पुष्पोपचारांचा उल्लेख वर केला, त्यांच्या मागच्या मळ्यातून हे घराणे आले. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ (१८९१) या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात फुले देवावर फुले वाहण्याचा प्रश्न उपस्थित करतात आणि ती प्रथा नाकारतात. निर्मिकाने माणसासाठी निर्माण केलेली फुले त्यालाच परत वाहण्यात अर्थ नाही. हाराचा मान श्रमाने जगून मानवांच्या हितासाठी झटणाऱ्यांचा आहे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. येथे फूल तेच आहे, हारही तोच आहे. बदलला आहे तो स्वीकारणारा. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे १८८० च्या दशकात ब्राह्मण पुरोहिताविना विवाह लागला आणि तो वाद न्यायालयापर्यंत गेला. वधूवरांनी एकमेकांच्या गळ्यात घातलेल्या माळेला कोणाची मध्यस्थी लागते, हाच एका परीने तेथील प्रश्न होता.

नारायणगावची तमाशा परंपरा हा प्रश्न रंगमंचावर आणते. दरवर्षी यात्रांच्या हंगामाच्या तोंडावर येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक सुपारी द्यायला येतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर या फडाने जात आणि गाव दोन्ही नावातच धारण केली होती. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) त्याच परंपरेतल्या. तमाशाची रात्र गणाने सुरू होते, गवळणीतून जाते आणि लावणीला येते. पुष्पक्रियेच्या भाषेत सांगायचे तर ती ‘वाहणे’पासून ‘माळणे’पर्यंतचा प्रवास करते. मोगरा एकच असतो. गणात तो देवापुढे असतो, लावणीत नर्तकीच्या अंबाड्यावर असतो. ज्या जातींतील स्त्रियांनी ही कला वाढवली, त्यांना पहिल्या क्रियेचा अधिकार देवळाच्या गाभाऱ्यात शतकानुशतके नव्हता. दुसरीसाठी मात्र त्यांनाच बोलावले जाई. लावणीतील गजऱ्याला शृंगाराचे प्रतीक म्हणून मोकळे होणारा समीक्षक ही विभागणी पाहत नाही. गजऱ्याचा अर्थ मोगऱ्यात शोधून सापडत नाही. कोणाला काय करण्याची परवानगी आहे, यात तो असतो.

दलित कवितेने या व्यवस्थेबाहेरचे फूल का निवडले, हेही यावरून समजते. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) मध्ये सूर्यफुलांचे दान देणाऱ्या फकिराची प्रतिमा येते. सूर्यफुलाला देवळातील ‘वाहणे’ आणि फडातील ‘माळणे’ या दोन्हींचा इतिहास चिकटलेला नाही. म्हणूनच ‘देणे’ हे क्रियापद त्याला निष्कलंकपणे लागू शकले.

७

या विवेचनावरून देशीवादी भूमिकेला आधार मिळतो, असे कोणी म्हणेल: गुलाब परका म्हणून मराठीने तो नाकारला. हा निष्कर्ष चुकीचा आहे. नारायणगाव परिसरात दसऱ्याच्या तोंडावर बाजारात येणारा झेंडू पाहावा. तो मूळचा मेक्सिकोतला. सोळाव्या शतकानंतर युरोपीय व्यापाराबरोबर आला. गुलाबाच्या तुलनेने तो कालचा पाहुणा. तरी झेंडूच्या तोरणाशिवाय दसरा होत नाही आणि त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानीमनीही नाही. असे का? झेंडू आला तो थेट ‘ओवणे’ आणि ‘वाहणे’ या क्रियापदांत शिरला. गुलाब ‘शिंपडणे’मध्ये राहिला. परकेपणा हे कारण असते, तर झेंडूही दाराबाहेरच राहिला असता.

शिवाय गुलाब भक्तीत आलाच नाही, असेही नाही. तो दर्ग्यावर आला. पिराच्या उरुसात सर्व जातिधर्मांचे लोक गुलाबाच्या पाकळ्या आणि फुलांची चादर चढवतात. पुढे शिर्डीत साईबाबांच्या (निधन १९१८) समाधीवर गुलाबाचे हार पडू लागले. दर्ग्यातले ‘चढवणे’ आणि देवळातले ‘वाहणे’ तेथे एकाच फुलावर एकत्र आले. मराठी मुलखात गुलाबाचे खरे धार्मिक प्रतीकीकरण झाले ते या विधीत. मराठी काव्यसमीक्षेने ते नोंदवले नाही. कारण तिची नजर पुस्तकातील गुलाबावर खिळलेली होती.

पुस्तकातील गुलाबाचा सर्वांत गंभीर प्रयत्न माधव जूलियन यांचा. फारसीचे प्राध्यापक, फारसी–मराठी कोशाचे कर्ते आणि ‘गज्जलांजलि’ (१९३३) चे कवी असलेल्या माधवरावांनी उमर खय्याम मूळ फारसीतून आणला आणि फिट्झजेराल्डच्या इंग्रजी अवतारावरून ‘द्राक्षकन्या’ही रचली. गुलाब मराठीत दोन वाटांनी आणण्याचा हा प्रयत्न होता. त्यातून गझलेचा आकृतिबंध रुजला आणि सुरेश भटांनी तो लोकप्रिय केला. गुल-बुलबुलाचा संकेत मात्र मराठीची अंतर्गत गरज बनला नाही. इंग्रजी स्वच्छंदतावादाच्या संस्कारात वाढलेल्या बालकवींच्या ‘फुलराणी’कडे पाहिले तरी तेच. तेथे फूल एकटे आहे, मुग्ध आहे. पण कवितेला गती मिळते ती लग्नसोहळ्यामुळे. सूर्यकिरण वर होऊन येतो, निसर्ग वऱ्हाड होतो. बाहेरून आलेल्या एकाकी फुलाला मराठी कवितेने लगेच एका विधीत सामावून घेतले.

आज मावळात तळेगावच्या हरितगृहांतून लांब देठाचे लाल गुलाब फेब्रुवारीच्या मध्याला देशोदेशी जातात. त्यांना मराठीत नवे क्रियापद मिळाले आहे: गुलाब ‘देणे’. एका व्यक्तीने दुसऱ्या एका व्यक्तीला एक फूल द्यावे, ही क्रिया आपल्या पुष्पव्यवस्थेत नवी आहे. ओवलेले फूल समूहाचे असते; देठासह दिलेले फूल व्यक्तीचे. ते स्वीकारणे वा नाकारणे हा निर्णय प्रथमच त्या व्यक्तीवर सोपवला जातो. जात आणि कुटुंब यांनी ठरवलेल्या विवाहव्यवस्थेत हा निर्णय किती जोखमीचा आहे, हे निराळे सांगावयास नको. या गुलाबाला पाश्चात्त्य अनुकरण म्हणून हिणवणारे आणि प्रेमाचे सार्वत्रिक प्रतीक म्हणून गौरवणारे दोघेही ही जोखीम नजरेआड करतात.

८

समारोपादाखल तीन गोष्टी नोंदवणे अगत्याचे वाटते.

पहिली: आकारसादृश्यावर आधारलेली प्रतीकांची समीकरणे तौलनिक अभ्यासाचा प्रारंभबिंदू असू शकतात, निष्कर्ष नव्हेत. मानमोडीचे कमळ आणि दान्तेचा गुलाब यांत जे साम्य दिसते, ते त्यांच्याशी माणूस काय करतो हे पाहताच विरघळते.

दुसरी: प्रतीकाचे देशी-परदेशी असे वर्गीकरण मूळस्थानावरून करता येत नाही. परका झेंडू घरचा झाला आणि सहा शतके सोबत राहिलेला गुलाब दिवाणखान्यात थांबला. स्वीकार ठरतो तो भाषेने दिलेल्या क्रियापदावर.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची: प्रत्येक क्रियापद अधिकारांची वाटणी करते. कोण वाहू शकतो, कोणी माळावे, कोणावर शिंपडावे, कोणी केवळ पिकवावे, हे मराठी समाजाने काटेकोरपणे ठरवलेले होते. सावता माळी, जोतीराव फुले आणि नामदेव ढसाळ यांनी फुलांविषयी जे केले, त्याला नवी प्रतिमा शोधणे म्हणणे अपुरे आहे. त्यांनी ही वाटणी मोडली. ज्या समीक्षेला फुलात केवळ सौंदर्य वा पावित्र्य दिसते, तिला हे मोडणे दिसणारच नाही. कवितेतील गुलाब समोर आला की तो कशाचे प्रतीक आहे, हा प्रश्न आपण थोडा लांबणीवर टाकावा. तो कोणाच्या हातातून कोणाकडे जात आहे आणि त्या हाताला तो अधिकार कोणी दिला, हे आधी विचारावे. मराठी कवितेच्या वाचनात या प्रश्नाने जो फरक पडेल, तो प्रतीककोशांनी आजवर पाडलेल्या फरकापेक्षा निश्चितच मोठा असेल.